तिसऱ्यांदा दाबा, मग सांगा: वनस्पती तेलापासून पुन्हा घडवता येणारं प्लास्टिक

“सर, झालं न!” म्हणत त्या पोरानं टेबलावर एक पिवळसर, रबरासारखा चौकोन ठेवला. सोयाबीनच्या तेलापासून आणि लिंबूसत्त्वापासून बनवलेला. चार दिवसांची मेहनत. मी तो वाकवून पाहिला, उजेडात धरून बुडबुडे मोजले आणि त्याच्या हातात कात्री दिली. म्हटलं, आता याचे बारीक तुकडे कर. त्याचा चेहरा असा पडला, जणू मी त्याची मार्कशीटच फाडायला सांगत होतो.

पण या कामात पहिली चकती बनणं ही निम्मीसुद्धा वाट नाही. तेल, आम्ल आणि उष्णता एकत्र आणली की काही ना काही घट्ट होतंच. प्रश्न असा, की तो घट्ट झालेला पदार्थ कापून, दाबून पुन्हा अखंड होतो का, आणि तिसऱ्या वेळी त्याची ताकद किती उरते. मी बरीच वर्षं नागपूरजवळ हिंगण्याच्या बाजूला रबर मोल्डिंगमध्ये काढली आणि आता कॉलेजच्या पोरांना प्रकल्पात मदत करतो. हा लेख अशाच पोरांसाठी, आणि छोटी प्रयोगशाळा किंवा वर्कशॉप हाताशी असणाऱ्यांसाठी. घरच्या स्वयंपाकघरात यातलं काही करू नका.

आधी गोष्ट समजून घ्या

प्लास्टिकचे दोन जुने प्रकार सगळ्यांना माहीत असतात. बादलीचं प्लास्टिक गुळासारखं असतं: तापवलं की पातळ, थंड झालं की घट्ट, कितीही वेळा. इपॉक्सी किंवा बेकेलाइट मात्र भट्टीतून निघालेल्या विटेसारखं, तिची पुन्हा माती होत नाही. याचं कारण म्हणजे त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या टाक्यांनी कायमच्या शिवलेल्या असतात.

२०११ मध्ये पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लर या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून मधला रस्ता काढला. इपॉक्सी आणि वनस्पती तेलापासून मिळणारी मेदाम्लं यांच्यापासून त्यांनी असं जाळं बनवलं, ज्याचे टाके गरम झाल्यावर जागा बदलतात. एक टाका सुटतो तेव्हाच दुसरा बसतो, त्यामुळे टाक्यांची एकूण संख्या तेवढीच राहते. टिपऱ्यांचा खेळ आठवा. प्रत्येक ठेक्याला समोरचा भिडू बदलतो, पण रिंगण मोडत नाही. उष्णता वाढली की ठेका जलद होतो आणि पदार्थ हळूहळू वाहू लागतो, जशी बांगडीची काच ज्योतीवर हळूहळू मऊ होते. काचेच्या लॅटिन नावावरूनच या पदार्थांना व्हिट्रिमर म्हणतात.

आपल्या पाककृतीत ही अदलाबदल एस्टर बंधांची, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जुळून होणाऱ्या बंधांची असते. तेलाच्या रेणूत एस्टर आधीच आहेत, आणि इपॉक्सीची कडी, म्हणजे दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचं छोटं वर्तुळ, आम्लाने उघडली की नवा एस्टर आणि त्याच्या शेजारी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) तयार होतो. १६० अंश सेल्सिअसच्या आसपास हा हायड्रॉक्सिल शेजारच्या एस्टरवर जाऊन बसतो आणि टाका सरकतो. इपॉक्सी सोयाबीन तेल (अशा कड्या बसवलेलं तेल) आणि सायट्रिक आम्लाचं, म्हणजेच लिंबूसत्त्वाचं, पाण्यातलं द्रावण यांपासून वेगळा उत्प्रेरक न घालता असं स्वतःला सांधणारं जाळं बनतं, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम आहे. आपण त्याच वाटेने जाऊ.

तेल कोणतं

विदर्भातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा सोयाबीन येतं, आणि ते ठीकच आहे. पण मला विचाराल तर जवसाकडेही पाहा. तेलात दुहेरी बंध जितके जास्त, तितके टाके घालायला जागा जास्त. हे आयोडीन मूल्यावरून कळतं: सोयाबीनचं साधारण १२० ते १४०, जवसाचं १७० ते २००. जवसात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणूनच तर ते तेल हवेत आपोआप सुकून कातडीसारखं होतं आणि चित्रकारांच्या रंगात वापरलं जातं. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने याच गुणावरून लिनोलियमची फरशी काढली. म्हणजे जवसापासून टिकाऊ वस्तू बनवणं काही कालचं नाही.

करंज आणि मोह आपल्याकडे मुबलक आहेत आणि खाण्याच्या तेलाशी स्पर्धा करत नाहीत, म्हणून पोरं त्यांच्यावर उडी मारतात. पण त्यांची आयोडीन मूल्यं बरीच कमी, करंजाचं ऐंशी-नव्वदच्या घरात, मोहाचं त्याहून खाली. जाळं विरळ होतं आणि वस्तू चिकट, लिबलिबीत बनते. त्यांना जोडीला घ्या, मुख्य म्हणून नको. एरंडेलाचा मार्ग वेगळा. त्यात हायड्रॉक्सिल गट जन्मजात असतात, त्यामुळे त्यापासून पॉलियुरेथेन करणं सोपं, पण तो या लेखाचा विषय नाही.

तळलेल्या तेलाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. समोसे-कचोरीच्या कढईतलं तेल मिळतं स्वस्तात. खाद्य सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे २०१८ पासून तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की वाढणारे पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरता येत नाही, म्हणजे माल नक्कीच उपलब्ध आहे. पण तळताना दुहेरी बंध खर्च होतात, आम्लता वाढते आणि प्रत्येक गाड्यावरचं तेल वेगळं. पहिल्या प्रकल्पात तुमची पाककृती चुकली की तेल चुकलं, हे तुम्हाला कळणारच नाही. दुसऱ्या वर्षी घ्या.

इपॉक्सी: इथे फुशारकी नको

तेलाच्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजनची कडी बसवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा अॅसेटिक आम्ल वापरतात. भांड्यातच परआम्ल तयार होतं आणि ते ऑक्सिजन तेलाला देतं. तापमान साधारण ५५ ते ६५ अंश. पुस्तकात दोन ओळींत संपणारी ही क्रिया फार उष्णता सोडते, दुहेरी बंधाच्या दर मोलमागे सुमारे २३० किलोज्यूल. १ किलो सोयाबीन तेलात असे ५ मोल बंध असतात. म्हणजे सगळी क्रिया एकदम झाली, तर निघणारी उष्णता तीन लिटर साधं पाणी उकळीला आणायला पुरून उरेल. पेरॉक्साइड भसकन ओतलं, ढवळणं बंद पडलं, किंवा मे महिन्यात थंड करायला नळाचंच गरम पाणी वापरलं, तर भांडं हाताबाहेर जातं. परफॉर्मिक आम्ल स्वतःही भरवशाचं नाही.

म्हणून माझं सरळ मत: पहिल्यांदा इपॉक्सी सोयाबीन तेल विकतच घ्या. पीव्हीसीच्या वायर आणि पाइप बनवणाऱ्यांकडे ते मृदुकारक आणि स्थिरक म्हणून नेहमीच असतं, त्यामुळे रसायनांच्या व्यापाऱ्याला नाव सांगितलं की कळतं. स्वतः करायचंच असेल तर ज्यांनी हे आधी केलंय त्यांच्या देखरेखीखाली करा. नागपुरात अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तेल तंत्रज्ञान कित्येक दशकं शिकवलं जातंय. संस्था १९४२ ची, आणि आता स्वतंत्र विद्यापीठ. विषय तिथल्या मातीतलाच आहे.

डबा घेताना विश्लेषणाचा कागद मागा आणि त्यावर ऑक्सिरेन ऑक्सिजनचा, म्हणजे इपॉक्सी कड्यांमधल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा आकडा बघा. सोयाबीनसाठी ६.३ ते ६.८ टक्के असेल तर चांगलं. जवसाच्या इपॉक्सी तेलासाठी ९ च्या आसपास. आम्लमूल्य जितकं कमी तितकं बरं. जुना डबा असेल तर ऑक्सिरेनचा आकडा घसरलेला असतो, तेव्हा हायड्रोब्रोमिक आम्लाचं अनुमापन करून स्वतः खात्री करून घ्या. डिसेंबरच्या थंडीत डबा गढूळ दिसला तर घाबरू नका. कोमट पाण्यात ठेवा, साफ होतो. आणि काढण्याआधी सगळा हलवून घ्या, नाहीतर वरचं तेल आणि तळातलं तेल वेगळं पडतं.

हिशेब

इथे पोरं अंदाजपंचे करतात, म्हणून सावकाश. एका इपॉक्सी गटामागे किती ग्रॅम तेल पडतं, ते काढायला १६०० ला ऑक्सिरेन ऑक्सिजनच्या टक्केवारीने भागा. ६.५ टक्के असेल तर २४६. म्हणजे १०० ग्रॅम तेलात ०.४०६ मोल इपॉक्सी गट.

सायट्रिक आम्लात तीन आम्लगट असतात. निर्जल आम्लाचं रेणुभार १९२, म्हणजे दर गटामागे ६४ ग्रॅम. पण किराण्यात किंवा केमिकलच्या दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व बऱ्याचदा एक पाण्याचा रेणू धरून असतं. मग रेणुभार २१०, आणि गटामागे ७०. पाकिटावर कोणतं लिहिलंय ते वाचा. समान गटांसाठी १०० ग्रॅम तेलाला निर्जल असेल तर २६ ग्रॅम, नाहीतर साडेअठ्ठावीस. इपॉक्सी जवस तेल ९ टक्क्यांचं असेल तर निर्जल ३६ ग्रॅम लागतं.

एकच चकती करू नका. आम्लगट पूर्ण, पाऊण आणि अर्धे असे तीन ठेवून तीन चकत्या करा. नंतर तुलना करायला काहीतरी हातात हवं.

मिसळणं, ओतणं, भाजणं

भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या; अॅल्युमिनिअम नको, ते आम्लाला आवडत नाही. सायट्रिक आम्ल तेवढ्याच वजनाच्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा. दुसऱ्या भांड्यात तेल ८० ते ९० अंशांवर आणून जोरात ढवळत राहा आणि आम्लाचं द्रावण धारेने ओता. मिश्रण आधी दुधासारखं पांढरं दिसेल, कारण तेल आणि पाणी एकमेकांना ओळखत नाहीत. ढवळणं थांबवलं तर वेगळे थर होतात. तासाभराच्या आत-बाहेर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: पाणी उडतं, आणि आम्ल तेलाला चिकटू लागतं. मग पांढरेपणा कमी होऊन मिश्रण पारदर्शक, मधासारखं होतं.

हाच क्षण पकडायचा. लवकर ओतलं तर साच्यात थर वेगळे होतात आणि खाली आम्लाचे खडे दिसतात. उशीर केला तर भांड्यातच गोळा बनतो आणि भांडं फेकावं लागतं. माझी पद्धत अशी: काठीवरून पडणारा थेंब ताटलीवर ठेवून दोन मिनिटं थांबतो. स्वच्छ राहिला तर ओता, पांढुरका झाला तर अजून ढवळा.

साचा टेफ्लॉनच्या कागदाने मढवलेला, किंवा केकचा सिलिकॉनचा साचाही चालतो. उघड्या स्टीलला किंवा काचेला हे मिश्रण असं चिकटतं की पुढच्या दिवाळीपर्यंत सुटत नाही. जाडी २ मिलिमीटरच्या वर नको. आत अडकलेलं पाणी बाहेर पडायला जागा लागते. निर्वात पंप असेल तर ओतल्यावर काही मिनिटं लावा, नसेल तर बुडबुडे सुईने फोडा. हे कंटाळवाणं आहे, पण करा.

ओव्हन आधी ९० अंशांवर तीन-चार तास, मग १२० अंशांवर चोवीस तास. खाण्याच्या पदार्थांचा ओव्हन यासाठी कधीच नको. उन्हाळ्यात वीज जाण्याची सवय असलेल्यांनी ओव्हन बंद पडला तेव्हाची वेळ टिपून ठेवावी, नंतर दोन चकत्यांमध्ये फरक दिसला की कारण तिथेच सापडतं. रंग हलका पिवळा ते मधासारखा यायला हवा. तपकिरी झालं असेल तर ओव्हनचा आकडा खोटा बोलतोय.

शिजलं का कच्चं

नख टोचून, वास घेऊन, बोटाला चिकटतं का पाहून अंदाज येतो, पण परीक्षकाला आकडा हवा. एक छोटा तुकडा वजन करून अॅसिटोनमध्ये दोन दिवस बुडवा, मधे एकदा अॅसिटोन बदला, काढून पूर्ण वाळवा, पुन्हा वजन करा. जितकं उरलं ते जाळं. जे गेलं ते कच्चं. नव्वद टक्क्यांच्या खाली असेल तर मी पुढे जात नाही, पुन्हा भाजायला लावतो. अॅसिटोन चटकन पेट घेतं, जवळ गॅस नको.

कॉलेजात अवरक्त वर्णपटाचं यंत्र असेल तर इपॉक्सी कडीचं ८२० ते ८४० प्रति सेंटिमीटरच्या दरम्यानचं टोक भाजल्यावर मावळलेलं दिसलं पाहिजे, आणि ३४०० च्या आसपास हायड्रॉक्सिलचा रुंद उंचवटा उगवलेला. हायड्रॉक्सिल नसेल तर पुढची अदलाबदल कशाच्या जिवावर होणार?

आता कात्री

इथे खरं काम सुरू होतं. चकतीचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे करा, ८० अंशांवर दोन तास वाळवा. मग दोन टेफ्लॉन कागदांच्या मध्ये १ मिलिमीटरच्या धातूच्या चौकटीत भरा, थोडे जास्तच, म्हणजे दाबल्यावर कडेने बाहेर येतील. गरम हायड्रॉलिक प्रेस हवा. रबर मोल्डिंगवाल्यांकडे, टायर रिमोल्डच्या दुकानात तो असतो. विनंती केली तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वापरू देतात. १० सेंटिमीटर चौरसाच्या चौकटीला ५ टन लावले तर दाब सुमारे ५ मेगापास्कल होतो. तापमान १६०, वेळ एक ते दोन तास. नंतर दाब तसाच ठेवून साठच्या खाली येईपर्यंत थंड करा. घाई करून काढलं तर वाकडं निघतं.

तापमानाचा माझाच किस्सा सांगतो. एका वर्कशॉपमध्ये प्रेसच्या काट्यावर १६० दिसत होतं आणि आम्ही निश्चिंत. उघडलं तर तपकिरी, फुगलेली, जळक्या वासाची पोळी. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारेची जोडी) लावून पाहिलं तेव्हा प्लेट १८५ ला होती. १७५ च्या वर सायट्रिक आम्लाचा भाग तुटू लागतो, वायू सुटतो आणि सगळीकडे बुडबुडे. तेव्हापासून काट्यावर विश्वास नाही. प्लेटच्या चार कोपऱ्यांत स्वतः मोजतो.

पहिल्यांदा तुकडे जुळून अखंड पातळ चादर निघाली, की पोरं उड्या मारतात. थांबा. अर्धवट भाजलेला पदार्थही पहिल्यांदा जुळतो, कारण उरलेलं आम्ल आणि उरलेली इपॉक्सी प्रेसमध्येच एकमेकांना चिकटतात. ती अदलाबदल नाही, ती राहिलेली भाजणी आहे. असा माल दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जुळत नाही, भुगा होतो. म्हणून तीन वेळा कापायचं, तीन वेळा दाबायचं, आणि दर वेळी आकडा नोंदवायचा. शेजारी तुलनेसाठी बाजारातल्या दोन नळ्यांच्या इपॉक्सीचे तुकडेही त्याच प्रेसमध्ये ठेवा. ते एकमेकांना भेटतच नाहीत, हे डोळ्यांनी दिसलं की फरक पटतो.

ताणचाचणीचं यंत्र नसलं तरी काम अडत नाही. १० मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड पट्टी कापा, वर चिमट्यात धरा, खाली पिशवी लटकवून त्यात हळूहळू वाळू घाला. दर किलोमागे साधारण १ मेगापास्कल, हिशेब सोपा. पाच पट्ट्या तोडा, सरासरी काढा. पट्टी चिमट्याजवळच तुटली तर ती मोजू नका.

दुसरी चाचणी मला याहून आवडते. एक पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून स्टीलच्या क्लिपने धरा, १६० अंशांवर चार तास ठेवा, थंड करा, क्लिप काढा, कोनमापकाने कोन मोजा. मग मोकळी पट्टी १२० अंशांवर दहा मिनिटं तापवा. जाळं कायमचं असेल तर ती जुन्या आठवणीने सरळ होते. टाके खरंच सरकले असतील तर यू तसाच राहतो. फक्त क्लिप आणि ओव्हन, पण यातून जे कळतं ते महागड्या यंत्राच्या आलेखासारखंच बोलतं. रिओमीटर (पदार्थ किती वाहतो ते मोजणारं यंत्र) मिळालं तर ताण उतरून सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो हे १५०, १६०, १७० अशा तापमानांना मोजा.

अदलाबदल फार संथ वाटली तर झिंक अॅसिटेट घालायचा मोह होतो. लाइब्लर यांच्या मूळ कामातही ते होतं. पण आधी न घालता पूर्ण संच पार पाडा. उत्प्रेरक घातला की दाबणं सोपं होतं आणि वस्तू वापरात लवकर सरकू लागते. नागपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही: मे महिन्यात टिनाच्या छपरावर हात ठेवून बघा, ठेवता येणार नाही. म्हणून एक पट्टी वजन बांधून छपरावर आठवडाभर टांगा आणि लांबी रोज मोजा.

मऊ आहे, मग काय

ही सोयाबीनची चकती रबरासारखी मऊच राहणार. बादली, खुर्ची, पाण्याची बाटली यांची स्वप्नं नको. पट्टी, पॅकिंग, गादीखालचा तुकडा, आवाज-धक्का शोषणारी पट्टी, तापवून चिकटणारा गोंद, हे तिचं क्षेत्र. कडकपणा हवा असेल तर इपॉक्सी जवस तेल, त्यात राळेची आम्लं, किंवा तंतू घाला. विदर्भात कापूस आहे, अंबाडीचा वाख आहे, आरा गिरणीतला भुसा आहे. १०५ अंशांवर पूर्ण वाळवून वजनाच्या दहा टक्क्यांपासून सुरुवात करा. ओला भुसा घातला तर बुडबुड्यांची चाळणी मिळते. तंतूंवरचे हायड्रॉक्सिलही अदलाबदलीत हात घालू शकतात, म्हणून भरण घातलेल्या मालाचीही तीन दाबांची वही वेगळी ठेवा.

लेबलवर काय लिहायचं, तेही सांगतो. पुन्हा घडवता येतं म्हणजे मातीत विरघळतं असं नाही. एस्टर बंध गरम पाण्यात, क्षारात तुटतात, पण तुळशीच्या कुंडीत पुरलं आणि महिन्यात नाहीसं झालं असं होणार नाही. कंपोस्टेबल लिहायचं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आणि त्यासाठीच्या मानकाची चाचणी लागते. शिवाय आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. तेव्हा प्रकल्पाच्या अहवालात सोयाबीन का, जवस का, हा परिच्छेद टाळू नका. परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

त्या पोरानं पुढे काय केलं? पाऊण आम्लाची चकती दुसऱ्या दाबातच भुसभुशीत निघाली. पूर्ण आम्लाची तिसऱ्यांदाही अखंड निघाली, फक्त रंग गडद झाला आणि वाळूच्या पिशवीत पहिल्यापेक्षा कमी वाळू मावली. “सर, हे लिहायचं का?” त्यानं विचारलं. म्हटलं, हेच तर लिहायचं. त्याची यू-पट्टी अजून माझ्या टेबलावर पडून आहे, क्लिपशिवाय. मेमधला कोन वहीत आहे. पावसाळ्यातला, हवा ओली असतानाचा, अजून घ्यायचा आहे.